आठ हजारांचा दांडा

गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ आहे, असं मला सगळ्यांनी आधीच बजावलं होतं. खेळायला लागल्यावर दिसलं की श्रीमंत लोक तो कमालीच्या काटकसरीनं खेळतात. दोन कारखान्यांचा मालक असलेला माणूस हरवलेल्या चेंडूसाठी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून नाल्यात उतरतो आणि जाताना हरवलेला एक व येताना दुसऱ्यांचे तीन चेंडू घेऊन वर येतो. या खेळात कफल्लक होतात ते आमच्यासारखे पगारदार.

माझा ड्रायव्हर मला फुकट मिळाला होता. ड्रायव्हर म्हणजे सगळ्यात लांब टोला मारायची, भल्यामोठ्या डोक्याची स्टिक. ओहायोतल्या मामेभावानं नवी घेतली आणि जुनी मला दिली. डोकं टायटॅनियमचं, एक ओरखडा नाही. फक्त मामेभाऊ सव्वासहा फूट उंच, कॉलेजात थाळीफेक करणारा. आणि मी कॉलेजात प्रॉक्सी मारणारा. त्याच्या स्टिकच्या दांड्यावर इंग्रजी ‘एक्स’ छापला होता. एक्स म्हणजे सगळ्यात कडक. मी जीव खाऊन फिरवला तरी तो दांडा जागचा वाकायला तयार नसे. चेंडू गवताला लागून निघायचा आणि उजवीकडे वळून शेजारच्या फेअरवेवरच्या, म्हणजे मैदानातल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावरच्या, लोकांची चौकशी करायला जायचा. ‘फोर!’ म्हणजे ‘चेंडू येतोय, सांभाळा!’ असं ओरडून ओरडून माझा आवाज सुधारला, खेळ नाही.

शेवटी रेंजवरचा, म्हणजे सरावाच्या मैदानावरचा, प्रो (शिकवणारा) म्हणाला, “सर, हेड एकदम मस्त आहे. फक्त शाफ्ट, दांडा बदला.”

“कितीला पडेल?”

“ते तुमच्यावर आहे.”

किंमत आपल्यावर सोपवणाऱ्या माणसापासून लांब राहावं, हे मी तुळशीबागेत शिकलोय. पण तिथं गोल्फचे दांडे मिळत नाहीत.

घरी बजेट मंजूर झालं ते आठ हजारांचं. त्याच आठवड्यात सोफ्याची कव्हरं बदलायची निघाली होती आणि तो आकडाही साधारण तेवढाच होता. “सोफ्यावर घरातले सगळे बसतात,” बायको म्हणाली. “तुझ्या काठीवर कोण बसणार आहे?” या प्रश्नाला उत्तर नव्हतं. तरी तिनं मंजुरी दिली. यात उदारपणा किती आणि रविवारी सकाळी घर शांत राहण्याची किंमत किती, हे मी विचारलं नाही.

आता अभ्यास. लहानपणी आमचा विटीदांडूचा दांडू बाभळीच्या फांदीचा असायचा. विळ्यानं तासला, हातात बसला, झालं. तो किती अंश पिळतो, त्याचा वाकबिंदू खाली आहे की वर, असं गल्लीत कुणी विचारलं असतं तर त्याला आधी डाव देऊन दमवला असता आणि मग घरी पोचवला असता. गोल्फही बरीच वर्षं असाच लाकडी होता. दांडे हिकरीचे असायचे. हिकरी म्हणजे अक्रोडाच्या कुळातलं झाड. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्रूजच्या ‘आर अँड ए’ या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थेनं पोलादी दांड्याला मान्यता दिली ती १९२९ साली. त्यानंतरच्या वर्षी, १९३० मध्ये, बॉबी जोन्स नावाच्या अमेरिकी हौशी खेळाडूनं त्या काळातल्या चारही मोठ्या स्पर्धा एकाच वर्षात जिंकल्या, त्याही लाकडी दांड्यांनी. हा माणूस पेशानं वकील. हिकरीचा दांडा टोला मारताना पिळदार मिशीसारखा वळतो, तरी त्यानं तक्रार केली नाही. मग १९७०च्या सुमाराला ग्राफाइट आलं आणि तक्रारीला विज्ञानाची जोड मिळाली.

ग्राफाइटचा दांडा म्हणजे कार्बन फायबरचे पातळ थर एका लोखंडी कांबीवर गुंडाळायचे, भट्टीत भाजायचे, कांब काढून घ्यायची, घासायचं आणि वर रंग द्यायचा. वजन चाळीस ग्रॅमपासून ऐंशी ग्रॅमपर्यंत. आयर्न, म्हणजे लहान धातूच्या डोक्याच्या स्टिक, त्यांचे जाड पोलादी दांडे एकशेतीस ग्रॅमपर्यंत जातात. या चाळीस ते ऐंशीच्या दरम्यान माणसाला वेड लावायची संपूर्ण सोय आहे. वजन झालं की टॉर्क. म्हणजे दांडा किती अंशांत पिळतो. टॉर्क झाला की किक पॉइंट. म्हणजे तो नेमका कुठं जास्त वाकतो. खाली वाकला तर चेंडू उंच, वर वाकला तर बुटका. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर बसलेला फ्लेक्स, म्हणजे लवचिकपणाचं अक्षर. एल, ए, आर, एस, एक्स. एल बायकांचा, ए वयस्करांचा, आर सर्वसामान्यांचा, एस दणकट लोकांचा, एक्स मामेभावाचा.

गंमत अशी की या अक्षरांना कसलंही सर्वमान्य माप नाही. एका कंपनीचा आर दुसऱ्या कंपनीच्या एसइतका कडक असू शकतो. सोन्याला हॉलमार्क आहे, हेल्मेटला आयएसआय आहे, आणि जी वस्तू पंचेचाळीस इंच लांब, पेन्सिलीएवढ्या जाडीची आणि कधी कधी सोन्याशी बरोबरी करू पाहणारी, तिच्यावर कंपनीला वाटेल ते अक्षर! काहींनी तर ‘ए’ छापायचंच बंद केलं आणि ‘आर टू’ छापायला सुरुवात केली. ए म्हटलं की माणूस म्हातारा होतो, आर टू म्हटलं की दुसऱ्या क्रमांकानं पास झाल्यासारखा वाटतो. ज्यानं हे शोधलं त्याला माणसाच्या मनाचं ज्ञान दांड्यापेक्षा जास्त असावं.

मी मनोमन एस ठरवला होता. कारण काही नाही. आसपास सगळ्यांकडे एस होता.

प्रोच्या आग्रहावरून फिटिंगला गेलो. एका थंडगार खोलीत पडदा, जाळी आणि मागं रडारचं यंत्र. तिथला मुलगा पंचविशीचा, अतिशय नम्र. इतका नम्र माणूस मला याआधी फक्त पॅथॉलॉजी लॅबमध्ये भेटला होता. “बिनधास्त मारा सर,” तो म्हणाला. मी बिनधास्त मारलं. पडद्यावर आकडे आले. स्टिकचा वेग ताशी ब्याऐंशी मैल, चेंडूचा एकशे बारा. मी लगेच हिशेब केला. ब्याऐंशी मैल म्हणजे एकशेबत्तीस किलोमीटर! मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर मोटारीला शंभरची मर्यादा आहे. म्हणजे माझ्या स्टिकला चलान आलं असतं. मी छाती पुढं काढून त्या मुलाकडे पाहिलं.

“टूरवरचे, म्हणजे व्यावसायिक, प्लेयर साधारण एकशेपंधरा मैलांनी फिरवतात, सर,” तो हळूच म्हणाला.

छाती जागेवर आली. मग त्यानं मला समजावलं. ढोबळ हिशेबानं पंच्याऐंशी ते पंचाण्णव मैलांना आर, त्याच्या वर एस, आणि पंच्याऐंशीच्या खाली... इथं तो थांबला. बहुधा अशा जागी थांबायचं त्यांना प्रशिक्षण असतं. “तुमचा टेम्पो फार स्मूद आहे, सर,” तो म्हणाला. मला कळलं की मी ए आहे. सत्तेचाळिसाव्या वर्षीच मी ज्येष्ठ नागरिक झालो होतो.

मग त्यानं मला ए दांडा लावून दिला आणि, सांगायला जिवावर येतं, चेंडू सरळ गेला. सरळ आणि उंच. अंतरही वाढलं. दांडा कुठला ते विचारलं. जपानी. किंमत चौतीस हजार. चार सोफ्यांची कव्हरं झाली असती, शिवाय उशांचे अभ्रे. “याच नावाचा स्वस्तातला पण मिळतो,” तो म्हणाला, “तयार स्टिकमध्ये कंपन्या बसवतात तो. नाव तेच, रंग तोच. आतले थर वेगळे.” मी त्याचे आभार मानले, मोफत मिळालेली पाण्याची बाटली घेतली आणि बाहेर पडलो.

राहिला सेकंडहँड बाजार. तो चालतो व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि कॅडी, म्हणजे खेळाडूंच्या बॅगा वाहणाऱ्या लोकांच्या हातून. इथं मला जे दिसलं ते गोल्फच्या कुठल्याही पुस्तकात नसेल. विकायला असलेले दांडे बघावेत तर सगळे एस! एस, एस, एक्स, परत एस. ‘फक्त दोन राउंड खेळलेला’, ‘जवळपास नवा’, ‘साहेब परदेशी गेले म्हणून विकणे’. आर क्वचित. ए औषधालाही नाही. ज्यानं ए घेतला त्याचा चेंडू सरळ जातो, आणि चेंडू सरळ जाणारा माणूस दांडा कशाला विकेल? बाजारात येतो तो अभिमानानं घेतलेला आणि कंबरेनं नाकारलेला माल. चौतीस हजारांचा एस मला सहा हजारांत मिळत होता. मोह झाला. माणसाचं काय, स्वस्त मिळालं तर तो नको असलेला रोगही घरी आणेल.

पुण्यात गोल्फ नवा नाही. येरवड्याचा पूना गोल्फ क्लब १८८५चा, आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळलेला उदयन माने इथलाच. त्यामुळे इथं जुन्या सामानाची आणि जुन्या कॅडींची वाण नाही. मी ज्यांच्याकडे गेलो ते मामा तीस-पस्तीस वर्षं लोकांच्या बॅगा वाहून निवृत्त झाले होते आणि आता दुरुस्तीची कामं करत. घर दोन खोल्यांचं. दारावरच्या पडद्याची दांडी बघितली तर पोलादी गोल्फ शाफ्ट. टेरेसवर दोडक्याचा वेल चढवलेला, त्याच्या काठ्या ग्राफाइटच्या. मी वाकून अक्षर वाचलं. एस.

“सगळं मोठ्या साहेबांचं,” मामा म्हणाले. “घेतात, मारतात, कंबर धरतात, मला देऊन जातात. दोडका बाकी झकास चढतो.”

मी दांडा बघायला मागितला. दांडा बघायची एक पद्धत असते. टोक जमिनीला टेकवायचं, मधे हात धरून दाबायचा, वाकला की डोळे बारीक करून ‘हं’ म्हणायचं. त्यानं काहीही कळत नाही, पण न केल्यास विकणाऱ्याला आपण नवखे वाटतो. मी एकामागून एक दांड्यांना ‘हं’ म्हणत गेलो. मामा शांतपणे बघत होते. मग म्हणाले, “साहेब, स्पीड किती आलाय मशिनवर?”

“पंच्याऐंशीच्या आसपास,” मी म्हणालो.

“म्हणजे ऐंशी,” असं म्हणून ते आत गेले आणि जुन्या साडीत गुंडाळलेला एक दांडा घेऊन आले. निळा, पंचावन्न ग्रॅमचा, जपानी. वर ए. एका डॉक्टरांच्या साठीला मुलांनी त्यांना नवा सेट दिला, तेव्हाचा. “पाच हजार. एस असता तर दीड हजारात दिला असता.”

घासाघीस करून साडेचारवर आलो. मग उपखर्च सुरू झाले, जे कुठल्याही बजेटमध्ये नसतात. टोकाचा व्यास माझ्या डोक्याला बसणारा होता, .३३५ इंच, पण ॲडॅप्टर दुसऱ्या कंपनीचा. ॲडॅप्टर म्हणजे दांडा आणि डोकं यांना जोडणारी बोटभर नळी. प्रत्येक कंपनीची वेगळी, आणि एकीची दुसरीत गेली तर बहुतेक भागधारकांना झोप लागत नसावी. अठराशे रुपये. ग्रिप नऊशे. इपॉक्सीनं चिकटवणं, कापणं, मजुरी मिळून पाचशे. एकूण सात हजार सातशे. उरलेल्या तीनशेत मामांना आणि मला वडापाव, वर मामांच्या नातवंडांना भेळ. माझा एक्स दांडा मी त्यांच्याकडेच ठेवला. यंदा कारल्याचा वेलही लावायचा त्यांचा विचार होता.

चिकटवण्याआधी मामांनी विचारलं, “नाव वर ठेवू की खाली?”

छापलेली बाजू वर ठेवली तर उभं राहिल्यावर डोळ्यांसमोर येते. खाली ठेवली तर दिसत नाही. काहींना नक्षी नजरेत खुपते, म्हणून ते खाली ठेवतात. “खाली,” मी म्हणालो. “नक्षी नजरेत खुपते.”

“हो, ए खुपतोच,” मामा म्हणाले.

रविवारी रेंजवर गेलो. अक्षर जमिनीकडे, मी आभाळाकडे. पहिले काही चेंडू झकास गेले. मग जुनी सवय जागी झाली आणि एकेक उजवीकडे कलायला लागला. प्रो आला, बघून म्हणाला, “सर, दोन मिनिटं.” त्यानं खिशातून पाना काढला, डोक्याखालचा स्क्रू सैल केला, दांडा अर्धा फेरा फिरवून पुन्हा आवळला. “अपराइट केलंय. आता स्लाइस, हे उजवीकडे वळणं, कमी होईल.” झालाही. पण दांडा अर्धा फेरा फिरला म्हणजे त्यावरचं छापील नावही फिरणार, हे भूमितीत मी शिकलेलं होतं. निळ्या दांड्यावर सोनेरी ए, ठसठशीत, बरोबर वर.

शेजारच्या मॅटवर एक निवृत्त ब्रिगेडियर सराव करत होते. रुबाबदार मिशी, वय सत्तरीच्या पुढं. त्यांनी माझा टोला पाहिला, मग दांडा पाहिला, मग जवळ येऊन चष्मा वर करून नीट वाचलं. मी उत्तर तयार ठेवलं होतं: पाठीचं दुखणं, डॉक्टरांचा सल्ला.

“ए आहे?” ते म्हणाले. “खरा ए? अहो, मी कधीपासून शोधतोय! सगळीकडे नुसते एस. विकणार का?”

“तसा विचार नव्हता,” मी म्हणालो, आणि दांडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी टोक जमिनीला टेकवलं, मधे दाबलं, डोळे बारीक केले.

“हं,” ते म्हणाले.

मी अकरा हजार सांगितले.