पार्ट बदलून बघू

जुन्या गाडीचा इलेक्ट्रिकचा फॉल्ट कधी येतो कधी जातो असा असला, की गॅरेजमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: "पार्ट बदलून बघू." माझं स्पष्ट मत आहे की अशा वेळी गाडी सरळ घरी आणावी, एक साधा डिजिटल मल्टिमीटर घ्यावा आणि स्वतः मांडी ठोकून बसावं. वायरमनच्या ज्ञानावर माझा संशय नाही, त्याच्याकडे वेळ नसतो एवढंच. दारात गाड्यांची रांग, आणि आपली गाडी नेमकी त्याच्यासमोर शहाण्यासारखी चालते. "दादा, फॉल्ट दिसला तर काढेन ना!" यात त्या बिचाऱ्याचं काय चुकलं?

आमची 2005 सालची पेट्रोल हॅचबॅक. आम्ही रत्नागिरीचे, त्यामुळे खारी हवा आणि चार महिने पाऊस गाडीच्या पाचवीलाच पुजलेला. रोग असा, की रात्री पावसात हेडलाइट मधूनच मंद व्हायचे, इंडिकेटर अडखळायचा आणि टेम्परेचरचा काटा वर सरकायला लागायचा. दिवसा काही म्हणजे काही नाही. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट बदलला, मग सेन्सर. लाइट मंद म्हणून बॅटरी. 'आता डायनामो उतरवू' इथवर गोष्ट आली तेव्हा मी गाडी घेऊन आलो.

अशा फॉल्टला पान्याआधी वही लागते. केव्हा झालं, पाऊस होता का, रस्ता खडबडीत होता का, काय काय चालू होतं, सगळं लिहायचं. त्या वहीतच उत्तर होतं. काटा चढलेला असताना लाइट आणि ब्लोअर बंद केले की तो झटक्यात खाली यायचा. आता इंजिनातलं पाणी काही दोन सेकंदांत थंड होत नाही! म्हणजे तापत काहीच नव्हतं, काटा खोटं बोलत होता. आणि वेगवेगळ्या सर्किटच्या गोष्टी एकदम बिघडतात तेव्हा आधी त्यांच्यात सामाईक काय आहे ते बघावं. बहुतेक वेळा ते अर्थिंग असतं, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीच्या मायनसला परत नेणारी जोडणी.

पण सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) तर एका झटक्यात लागायचा, मग अर्थिंग खराब कसं? इथेच सगळे फसतात. आमच्या गाडीत बॅटरीच्या मायनसवरून दोन वायरी निघतात. जाड वायर गिअरबॉक्सला जाते, सेल्फचा करंट तिच्यातून परततो. दुसरी बारीक, ती बॉडीला. लाइट, ब्लोअर, वायपर, मीटरबोर्ड सगळे या बारकीच्या जिवावर. ती मेली तरी सेल्फ मजेत फिरतो.

आता मोजायचं कसं? नुसता मीटर लावून 'बारा व्होल्ट येतायत' म्हणण्याला अर्थ नाही. मीटर स्वतः जवळजवळ करंट ओढतच नाही, त्यामुळे वायरीची एकच तार शिल्लक असली तरी तो बारा दाखवतो. लोड टाकून मोजावं लागतं. इंजिन चालू, हेडलाइट अप्पर, ब्लोअर फुल, मागच्या काचेचा हीटर चालू. मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटीवर (क्लॅम्पवर नाही, खुंटीवरच) आणि दुसरं बॉडीच्या उघड्या धातूवर. मीटर दाखवेल तेवढा व्होल्टेज त्या वायरीत वाया जातोय. इथे 0.1 व्होल्ट चालतो, 0.2 म्हणजे डोक्यावरून पाणी. आमच्याकडे 0.3 होता आणि वायर हाताने हलवली की 0.8 वर उडी मारायचा.

अंदाजे 25 अँपिअरवर 0.8 व्होल्ट म्हणजे रोध फक्त 0.03 ओहम. तो ओहमच्या रेंजवर मोजायला गेलात तर मीटरच्या स्वतःच्या वायरीच त्याहून जास्त दाखवतील. पण त्याच सांध्यात 20 वॅट उष्णता होत असते. लगला, म्हणजे वायरीच्या टोकाच्या बोल्टखालच्या धातूच्या कडीला, बोट लावलं तर चटका बसला.

लग वरून ठीकठाक दिसत होता. बोल्ट काढला तर खाली बॉडीवर गंजाची तांबडी चकती, आणि वायरीचं रबर दोन इंच सोललं तर आतलं तांबं हिरवट काळं, चिमटीत भुगा होणारं. एवढ्यासाठी बॅटरी गेली! नवीन 16 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, दोन्ही टोकांना लग दाबून घेतले, बॉडीची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईतो घासली, बोल्ट आवळून वर व्हॅसलिन. मीटर 0.04. तेव्हापासून भर पावसातही काटा जागचा हलला नाही.

करणार असाल तर बॅटरीची मायनस वायर आधी काढा आणि शेवटी जोडा, म्हणजे पाना बॉडीला टेकला तरी ठिणगी उडत नाही. फ्यूज उडत असेल तर त्याच अँपिअरचा घाला, मोठा किंवा तारेचा तुकडा अजिबात नको, वायरिंग पेटतं. पिवळ्या आवरणातल्या एअरबॅगच्या वायरी आणि हायब्रिडमधल्या केशरी केबल या घरी हात लावायच्या गोष्टी नव्हेत. तिथे मीसुद्धा गॅरेजच गाठतो.

सध्या मागच्या डाव्या दाराची काच अर्ध्यावर थांबतेय, तीही दार विशिष्ट कोनात असतानाच. बिजागरीजवळच्या रबरी नळीत वायर तुटली असणार. स्विच बदलायचा सल्ला दोघांनी देऊन झालाय. रविवारी नळी सोलतो.