सफारीचा बग आणि 'फक्त नावं': एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की सफारी १५ (ॲपलचा ब्राउझर) मधल्या इंडेक्स्डडीबीच्या, म्हणजे साइट्स आपला डेटा ब्राउझरमध्ये साठवतात त्या सोयीच्या, बगमुळे फक्त डेटाबेसची नावं दिसत होती, आतला डेटा नाही, त्यामुळे 'माहिती फुटली' असं लिहून मी लोकांना उगाच घाबरवतोय. आणि ज्याला भीती वाटते त्याने क्रोम वापरावं, नाहीतर प्रायव्हेट मोड.

आतलं काही फुटत नव्हतं हे खरंच आहे, पासवर्ड नाही, मेल नाही, आणि मीही तसं कुठे म्हटलेलं नाही. पण एका साइटने साठवलेलं दुसऱ्या साइटला दिसता कामा नये हा ब्राउझरचा अगदी पायाचा नियम, आणि इथे तोच मोडला होता. व्हायचं असं की एखाद्या साइटने आपला डेटाबेस उघडला की त्याच नावाचा एक रिकामा डेटाबेस बाकीच्या सगळ्या उघड्या टॅबमध्ये पण तयार व्हायचा, आणि मग मागे पडून राहिलेल्या टॅबमधली कुठलीही साइट ती नावं वाचू शकायची, तुम्ही कशावर क्लिक करायचीही गरज नाही. आणि यूट्यूब, गूगल कॅलेंडर, कीप ह्यांच्या तर डेटाबेसच्या नावातच तुमचा गूगल यूजर आयडी असायचा! त्या आयडीवरून निदान प्रोफाइल फोटो तरी काढता यायचा. म्हणजे समजा कोणी एका टॅबमध्ये यूट्यूबला लॉगिन आहे आणि दुसऱ्यात एचआयव्ही टेस्टची माहिती वाचतोय, कुठेही नाव न टाकता, तरी त्या दुसऱ्या साइटने मनात आणलं तर हा माणूस कोण ते तिला कळलं असतं. दोन अकाउंट असतील तर दोन्ही. ह्याला मी तरी माहिती फुटणंच म्हणणार.

क्रोमचं म्हणाल तर मॅकवर ठीक, पण आयफोनवर ॲपलच्या तेव्हाच्या नियमाने प्रत्येक ब्राउझरला आतून वेबकिटच, म्हणजे सफारीचंच इंजिन, वापरावं लागायचं, त्यामुळे क्रोम घ्या नाहीतर फायरफॉक्स, भोक तेच. प्रायव्हेट मोडमध्ये धोका थोडा कमी, पण एकाच टॅबमध्ये एकामागून एक साइट उघडल्या की तिथेही तेच. मग उरतं जावास्क्रिप्ट, म्हणजे साइट्स ज्यावर चालतात तो कोड, बंद करणं, आणि ते केलं तर धड काहीच चालत नाही.

आणि घाबरवण्याबद्दल. फिंगरप्रिंटजेएस ह्या कंपनीवाल्यांनी हा बग २८ नोव्हेंबर २०२१ लाच कळवला होता. जानेवारीच्या मध्यावर त्यांनी तो जाहीर केला, बातम्या झाल्या, आणि मग २६ जानेवारी २०२२ ला आयओएस १५.३ (आयफोनची सिस्टिम) मधून दुरुस्ती आली. जवळजवळ दोन महिने आयफोनवाल्यांच्या हातात काहीच नव्हतं, आणि बहुतेकांना पत्ताही नव्हता. बोभाटा झाला म्हणूनच काम हललं असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमच्या घरात आई-बाबांकडे वगैरे जुना आयफोन गेला असेल तर सेटिंग्ज, जनरल, अबाउटमध्ये जाऊन एकदा आयओएसचं व्हर्जन बघाच, १५ असून १५.३ च्या खालचं असेल तर आजच अपडेट करून टाका.