पंप मारून क्लचमधली हवा निघत नाही

बऱ्याच गाड्यांत क्लच ऑइलच्या दाबावर चालतो; त्याच्या पाइपात हवा शिरली की पेडल पिचपिचीत लागतं. असं झालं की व्हॉट्सॲपवर एक सल्ला हमखास येतो: "क्लचच्या टाकीत कुठलंही ऑइल भरा, पेडल भराभर पंप करा, हवा आपोआप निघेल. मेकॅनिक उगाच क्लच प्लेट बदलायला लावतात."

आधी पंपिंगचं बघू. पंप केल्यावर पेडल वर येतं, हे खरंच आहे. म्हणून तर लोकांचा विश्वास बसतो. होतं काय, की भराभर दाबल्याने मास्टर सिलिंडर (पेडलला जोडलेला पंप) टाकीतलं जास्तीचं ऑइल पाइपात ढकलतो, आतली हवा दबते आणि पेडल कडक लागतं. गाडी थोडा वेळ उभी राहिली की ते ऑइल टाकीत परत जातं आणि पेडल पुन्हा बसतं. एका दाबात सरकतं ते जेमतेम काही मिलिलिटर. त्यामुळे पाइपातला बुडबुडा दाबताना खाली जातो, सोडताना मागे येतो. टाकीच्या अगदी जवळ असेल तर वर निघून जाईलही. पण पाइपाच्या दुसऱ्या टोकाला, क्लच सोडवणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरपाशी अडकलेला बुडबुडा तिथल्या निपलमधूनच (हवा काढायच्या छोट्या स्क्रूमधूनच) काढावा लागतो.

त्याला दोन माणसं लागतात. निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवायचं. आतला माणूस पेडल दाबून धरतो, खालचा निपल जरासा सैल करतो, बुडबुडे फसफसत बाहेर येतात. निपल आवळायचा आणि मगच "सोड" म्हणायचं. हा क्रम चुकला तर काढलेली हवा परत आत ओढली जाते. पेडल कधी कधी आपणहून वर येत नाही, ते हाताने उचलायचं. मधूनमधून टाकीत ऑइल घालत राहायचं. टाकी कोरडी पडली की पुन्हा श्रीगणेशा.

"कुठलंही ऑइल" हा तर खर्चात पाडणारा भाग. टाकीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ (ब्रेक ऑइलचे प्रकार) लिहिलेलं असतं, तेच घालायचं. इंजिन ऑइल घातलं तर आतली रबरं फुगतात. बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेकची टाकी एकच असते, म्हणजे ब्रेकही गेले.

प्लेटबद्दलचा संशय मात्र अर्धा बरोबर आहे. प्लेट झिजली की इंजिन ओरडतं आणि गाडी चढावर पळत नाही. हवा असली की उलट क्लच पूर्ण सुटत नाही, रिव्हर्स टाकताना कर्रर्र होतं. अशा वेळी कोणी थेट प्लेट बदला म्हणालं, तर आधी ब्लीडिंग, म्हणजे वर सांगितलं तसं हवा काढणं, करून बघायला सांगा. अर्थात मारुती ८०० सारख्या केबल क्लचच्या गाडीत यातलं काहीच लागू नाही.

आणि हवा मुळात शिरली कुठून? पेडलच्या वर, जिथे दांडा मास्टर सिलिंडरमध्ये जातो, तिथे बोट फिरवा. ओलं लागलं तर तिथलं रबर किट (आतली सील) गेलंय. तिथे कोरडं असेल तर स्लेव्हचं रबरी बूट उचलून बघा. काही गाड्यांत स्लेव्ह बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या, क्लच झाकणाऱ्या कव्हरच्या) आत असतो. तो गळत असेल तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, आणि मग प्लेटही त्याच वेळी बघून घ्यावी.