संकटसमयी बाहेर पडण्याचा मार्ग

रविवारी रात्री साडेनऊला लेकीनं वही पुढे केली. "एसटीवर माहितीपर लेखन. 100 शब्द. उद्या द्यायचंय."

मी मनातल्या मनात बाह्या सरसावल्या. शाळेत माझे निबंध वर्गात वाचून दाखवले जायचे. 'मी फाटके पुस्तक बोलतोय'नं तर आमच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आणलं होतं. 100 शब्द म्हणजे माझ्या हातचा मळ.

"लिही," मी डोळे मिटले. "पहाटेचा बोचरा वारा अंगाला झोंबत होता. दूर वळणावर धुळीचा लोट उठला आणि लाल परी डौलात..."

"बाबा, हे कोणी पाहिलं?"

"कोणी म्हणजे?"

"माहितीत पहाट चालत नाही. कोण, कधी, कुठे, किती, कसं. एवढंच सांगायचं, असं बाई म्हणाल्यात."

पहाट काढली. वारा पडला. पण लाल परीवर मी अडून बसलो. तिनं मोबाइलवर शोधलं: पहिली एसटी धावली 1 जून 1948 रोजी, पुण्याहून अहमदनगरला. बेडफर्डची गाडी, रंग निळा आणि रुपेरी. माझ्या परिच्छेदाचा रंगच उडाला.

"बरं, 'महाराष्ट्रातली पहिली एसटी' असं लिही."

"महाराष्ट्र राज्य 1960 ला झालं ना?"

मग 'तेव्हाच्या मुंबई प्रांतात' आलं. पाठोपाठ अहमदनगर लिहायचं की अहिल्यानगर, यावर वाद झाला आणि शेवटी 'तेव्हाचे अहमदनगर, आताचे अहिल्यानगर' असं ठरलं. या सगळ्या तेव्हाच्या-आताच्यात वाक्य इतकं लांबलं, की पुण्याहून निघालेली गाडी शिरूरलाच बंद पडली.

"एसटी ही महाराष्ट्राची जीवनवाहिनी आहे," मी शेवटचा हुकमी पत्ता टाकला.

"हे मत आहे."

"अगं, सगळेच म्हणतात!"

"मग सगळ्यांचं मत आहे."

खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची पद्धत तरी येऊ दे, म्हटलं. सीटवर पडलेल्या रुमालापुढे भलेभले पैलवान मान तुकवून उभे राहिलेले मी पाहिलेत. तिनं पेन उचललं. "हा नियम कुठे लिहिलाय?" कुठेच लिहिलेला नाही, म्हणून तर सगळे पाळतात! पण हे वाक्यही मतातच जमा झालं.

एवढ्यात आतल्या खोलीतून आईचा आवाज आला. आई चौथीपर्यंत शिकलेली.

"टप्पा लिही गं. 6 किलोमीटरचा एक टप्पा, भाडं टप्प्यावर ठरतं. 5 ते 12 वर्षांच्या पोरांना अर्धं तिकीट. बायकांना 2023 पासून अर्धं. 75 वर्षं पुरी झाली की फुकट, पण कार्ड दाखवावं लागतं. कंडक्टरनं एकदा घंटी वाजवली की थांबायचं, दोनदा वाजवली की निघायचं. झालं?"

झालं होतं. लेक भराभरा लिहीत होती. आईनं एवढं सांगितलं, पण त्यात औषधाला एक उपमा नव्हती. मी नुसता बघत राहिलो. हिच्याच पोटी माझ्यासारखा अलंकारिक मुलगा कसा निपजला?

रात्री झोप येईना. एसटीतलं सर्वात उत्तम माहितीपर लेखन मी जन्मभर वाचत आलो होतो आणि त्याच्याकडून काही शिकलो नव्हतो: 'संकटसमयी बाहेर पडण्याचा मार्ग'. चार शब्द. लिहिणाऱ्या पेंटरला 'संकटाच्या काळ्याकुट्ट ढगांनी घेरले असता' अशी सुरुवात करावीशी वाटली नसेल? वाटली असेलही, पण खिडकीवर तेवढी जागा नव्हती. मला वहीचं अख्खं पान मिळालं होतं, हाच घोटाळा.

तरी खोड जाते थोडीच! पाण्याच्या निमित्तानं उठलो, दप्तरातून वही काढली आणि 'धावली'च्या आधी हळूच एक 'डौलात' घुसवला.

बुधवारी वही परत आली. आईच्या टप्प्यापुढे बरोबरची ठसठशीत खूण. 'डौलात'भोवती लाल गोल आणि बाजूला बाईंचा शेरा: 'हे कोणी पाहिले?' त्याखाली पालकांची सही मागितली होती. अक्षर जुळवून बघायला असणार.