रोमिओ-ज्युलिएट मूर्ख होते म्हणे!

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर परवा परत तोच फॉरवर्ड आला. व्हॅलेंटाइनच्या आसपास तो फिरतोच, फक्त पाठवणारा बदलतो. मजकूर साधारण असा: "रोमिओ-ज्युलिएट ही लव्हस्टोरी नाहीच मुळी. तेरा वर्षांची पोरगी, सतरा वर्षांचा पोरगा, तीन दिवसांची ओळख आणि सहा जण मेले. आईबापाचं न ऐकणाऱ्या कार्ट्यांना धडा म्हणून शेक्सपियरने हे लिहिलं. नशीब वगैरे काही नाही, निव्वळ मूर्खपणा. मोबाईल असता तर नाटकच झालं नसतं." खाली हसून हसून रडणाऱ्या इमोजींची रांग.

मी टाइप करायला घेतलं आणि खोडलं, कारण ग्रुपवर चार ओळींच्या वर गेलं की लोक "झोप आता" म्हणतात. तर इथे सविस्तर.

"तेरा आणि सतरा." यातलं सतरा कुठून आलं देव जाणे, अख्ख्या नाटकात रोमिओचं वय एकदाही येत नाही, कुणीतरी ठोकून दिलं आणि ते चिकटलं. ज्युलिएटचं तेरा मात्र खरंय. आणि ते ज्या पद्धतीने येतं ना, ते बघण्यासारखं आहे. तिची दाई सांगते, आणि दाई बोलायला लागली की थांबत नाही, म्हणजे पोरीचं अंगावरचं तोडायला मी कडू लावलं होतं, त्याच दिवशी भूकंप झाला, त्याला आता अकरा वर्षं झाली, माझी सुझन आणि ही एकाच वयाच्या, सुझन गेली देवाघरी, असं सगळं गुऱ्हाळ, आणि मध्ये मध्ये हेही की ३१ जुलैच्या रात्री आमची पोर चौदाची होणार. म्हणजे अजून पंधरवडा आणि वर काही दिवस. थिएटरात लोक दाईला हसत असतात. पण पडदा उघडल्या उघडल्या सूत्रधारासारखा एक माणूस येऊन चौदा ओळींत सांगून गेलेला असतो की ही दोघं मरणार आहेत. तर हसता हसता एखाद्याच्या लक्षात येतं की ही ३१ जुलै काही उजाडायची नाही. दाईला ते माहीत नाही, आईला नाही, ज्युलिएटला तर नाहीच. आपल्याला माहितीय. या नाटकाची सगळी गंमत, गंमत कसली, छळच, या एका गोष्टीत आहे आणि फॉरवर्डवाल्याला नेमकी तीच दिसलेली नाही.

वयावरून एक उलटा बचावही कायम ऐकू येतो, की "त्या काळी लग्नं लहानपणीच व्हायची". तोही चूक. कायद्याने मुलीचं लग्न बाराव्या वर्षी होऊ शकायचं हे बरोबर, पण १५९० च्या आसपासच्या इंग्लंडमध्ये सर्वसाधारण बायकांची लग्नं विशीच्या मध्यावर व्हायची. म्हणजे तेरा त्या प्रेक्षकांनाही लहानच वाटत असणार. आणि शेक्सपियरने ज्या इंग्रजी काव्यावरून ही गोष्ट घेतली, आर्थर ब्रूकचं, १५६२ चं, त्यात ती सोळाची आहे. याने मुद्दाम खाली आणलंय. आणि तेराव्या वर्षी तिला बोहल्यावर चढवायला निघालंय कोण? बाप! हाच बाप सुरुवातीला तिला मागणी घालणाऱ्या पॅरिसला म्हणतो की अजून दोन उन्हाळे जाऊ द्या, आणि दोनच दिवसांत हाच म्हणतो गुरुवारी चर्चमध्ये उभी राहा नाहीतर रस्त्यावर मर.

"तीन दिवसांचं प्रकरण." रविवार सकाळ ते शुक्रवारची पहाट, मोजा. बरं ते जाऊ दे, एकदोन दिवसांवरून भांडण्यात अर्थ नाही. पण घाई लेखकाच्या लक्षात आली नाही असा जो सूर आहे ना तो चूक. ब्रूकच्या काव्यात हे सगळं महिनोन्‌महिने चालतं, शेक्सपियरने ते पाच दिवसांत कोंबलं. आणि घाई आहे हे सगळ्यात आधी बोलतं कोण तर ज्युलिएट स्वतः, खिडकीत उभी असताना, की हे फार उतावळं, फार अचानक होतंय, वीज चमकून जाते तसं. सकाळी रोझालाइन नावाच्या दुसऱ्याच मुलीसाठी रडणारा रोमिओ रात्री हिच्या खिडकीखाली, यावरून पाद्री लॉरेन्सने त्याला झापलंय पण. म्हणजे फॉरवर्डमधली टीका नाटकातल्याच पात्रांनी करून झालीय, तीही जास्त चांगल्या भाषेत. रोमिओ थोडा अतिच आहे हे मला मान्य आहे, मला तो पहिल्या अंकात सहनच होत नाही.

पण मग ती दोघं भेटतात आणि पहिल्यांदाच जे बोलतात ते दोघांचं मिळून एक सुनीत होतं. चौदा ओळी, त्याच्या काही, तिच्या काही, यमकं एकमेकांत गुंतलेली. रोझालाइनबद्दल बोलताना हा एकटाच बडबडत होता, थंड आग, आजारी तब्येत असले शब्दांचे खेळ. ज्युलिएट त्याची ओळ झेलते आणि परत टाकते. लव्हस्टोरी नाही म्हणणाऱ्याने निदान ही चौदा ओळींची जुगलबंदी एकदा मोठ्याने वाचावी.

"कार्ट्यांना धडा." हा तर कहर आहे, कारण असा धडा खरंच कुणीतरी लिहिला होता, फक्त तो शेक्सपियर नाही. ब्रूकने वाचकांसाठीच्या प्रस्तावनेत स्पष्ट लिहिलंय की ही दोघं वासनेच्या आहारी गेली, आईबापाचं ऐकलं नाही, म्हणून ही गत. शेक्सपियरपुढे ते काव्य होतंच, आणि त्याने तो उपदेश उचललाच नाही. त्याच्या नाटकात शेवटी बोलणी खातात ती मोठी माणसं. राजा दोन्ही बापांना सुनावतो की बघा तुमच्या वैराला काय शिक्षा मिळाली, आणि मीही डोळेझाक केली म्हणून माझेही दोन नातलग गेले. आणि ज्युलिएटचा बाप स्वतः म्हणतो की ही आमच्या दुष्मनीचे बळी. बळी म्हणतो तो, मूर्ख नाही म्हणत.

"सहा मेले." आकडा बरोबर आहे, सहावी म्हणजे रोमिओची आई, मुलगा हद्दपार झाला त्या दुःखाने गेली, तिचं मरण स्टेजवर दिसत पण नाही. पण रोमिओचा दोस्त मर्क्युशिओ कसा मरतो बघा. ज्युलिएटच्या घराण्यातला टिबाल्ट शिव्या देतो तरी रोमिओ तलवार काढत नाही, कारण तासाभरापूर्वी त्याचं टिबाल्टच्याच बहिणीशी लग्न लागलंय. टिबाल्ट ज्युलिएटच्या आईच्या भावाचा मुलगा, म्हणजे ही त्याची आतेबहीण, आणि आता तो रोमिओचा मेहुणा झालाय. हे आपल्याला माहितीय आणि रस्त्यावरच्या बाकी कुणालाच नाही. मर्क्युशिओला वाटतं आपला दोस्त शेपूट घालतोय, म्हणून तो मध्ये पडतो आणि मरतो. म्हणजे अख्ख्या नाटकात रोमिओ पहिल्यांदा शहाण्यासारखा वागतो आणि त्यातूनच पहिला मुडदा पडतो. यात मूर्खपणा कोणाचा लावायचा? रोमिओने नंतर टिबाल्टला मारलं, पॅरिसला मारलं, ते त्याच्या खात्यावर, नाही कोण म्हणतंय. पण मर्क्युशिओ मरताना शिव्याशाप देतो तो रोमिओला नाही, तर "तुमच्या दोन्ही घराण्यांना प्लेग लागो" म्हणून. हा प्लेग लक्षात ठेवा.

"मोबाईल असता तर." आता यावर मला जरा जास्त बोलायचंय.

पॅरिसशी लग्न टाळायला लॉरेन्सने दिलेलं औषध पिऊन ज्युलिएट बेचाळीस तास मेल्यासारखी पडून राहणार हे कळवणारं लॉरेन्सचं पत्र हद्दपार रोमिओला पोचत नाही, का? पत्र घेऊन निघालेला पाद्री जॉन सोबतीला दुसरा साधू घ्यायला जातो, तो आजाऱ्यांना भेटायला गेलेला असतो, शहराचे तपासनीस म्हणतात या घरात साथ आहे, आणि बाहेरून दरवाजा बंद. क्वारंटाइन! प्लेग लागो म्हणाला होता ना, लागला. लंडनची थिएटरं १५९२ ते ९४ मध्ये बराच काळ प्लेगमुळेच बंद होती, तेव्हा हा दरवाजा समोरच्या लोकांना लांबचा वाटला नसणार. २०२० नंतर आपल्यालाही वाटत नाही.

पण फक्त पत्र अडकलं म्हणून नाही ना. लॉरेन्सने आधी शब्द दिला होता की निरोप रोमिओच्या नोकराकडूनच पाठवीन, आणि ऐन वेळी पाठवलं जॉनकडून. तो नोकर बाल्थझार मोकळा राहिला, त्याने ज्युलिएटला थडग्यात ठेवताना बघितलं आणि इमानदारीत घोड्यावर बसून रोमिओ होता ते मंटुआ शहर गाठलं. खरी बातमी घरात कोंडलेली, खोटी बातमी घोड्यावर. मोबाईल असता तर खोटी अजून लवकर पोचली असती, फोटोसकट, ग्रुपवर.

त्यात अजून एक. ज्युलिएट औषध घेऊन घरी येते आणि बापाची माफी मागते, मी ऐकते म्हणते, नाटकच करते. ते इतकं चांगलं वठतं की बाप खूश होऊन लग्न गुरुवारचं बुधवारवर आणतो, म्हणजे औषध एक रात्र आधी प्यावं लागतं आणि पत्राला तेवढाच वेळ कमी. आणि मुळात रोमिओ त्या पार्टीला गेला कसा? पाहुण्यांची यादी घेऊन निघालेल्या नोकराला वाचता येत नव्हतं, त्याने रस्त्यात रोमिओलाच विचारलं, जरा वाचून देता का. नशीब म्हणजे आकाशातून येणारं काहीतरी असं नाहीच इथे, ते असल्या कागदांमधून येतं, आणि आपण खुर्चीत बसून प्रत्येक कागद वाचलेला असतो. त्यांना मूर्ख म्हणायला आपल्याला सोपं जातं ते त्यामुळेच, पेपर फुटलाय आपल्याकडे.

शेवटच्या प्रसंगात तर रोमिओ थडग्यात उतरून तिच्याकडे बघतो आणि म्हणतो, तुझ्या ओठांवर, गालांवर अजून लाली आहे, मरणाचा पांढरा झेंडा इथपर्यंत पोचलाच नाही. अरे बाबा, लाली आहे कारण ती जिवंत आहे! त्याला दिसतंय, तो तोंडाने बोलतोय, आणि तरी कळत नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा शेवट पाठ होता तरी मनात म्हणत होते, थांब, पाच मिनिटं थांब. तो विष पितो. लगेच लॉरेन्स कंदील घेऊन थडग्यांना ठेचकाळत येतो. डेव्हिड गॅरिक नावाच्या नटाला १७४८ मध्ये हे इतकं झेपलं नाही की त्याने सरळ शेवट बदलला, रोमिओ मरायच्या आत ज्युलिएटला उठवलं, दोघांना बोलायला दिलं, आणि पुढे कित्येक वर्षं लोकांनी तेच बघितलं. शेक्सपियरची ज्युलिएट उठते ती लॉरेन्सला बघून, अगदी शांत, मी कुठे असायला हवी ते मला आठवतंय, तिथेच आहे मी, माझा रोमिओ कुठाय? आणि म्हातारा सांगतो, तुझा नवरा तुझ्या छातीवरच पडलाय, मरून.