ब्राउझर लटकतो तेव्हा ‘सगळं साफ करा’ हा उपाय नव्हे

पावसाळा लागला की कोकणातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. मजकूर साधारण असा: ‘पेज अर्धवट उघडून गोल फिरत राहतंय? दोष नेटचा नाही, ब्राउझरमध्ये कचरा साचलाय. रोज रात्री हिस्ट्री, कॅशे, कुकीज सगळं साफ करा. इन्कॉग्निटोमध्येच काम करा. डीएनएस ८.८.८.८ टाका, स्पीड दुप्पट होईल. क्लीनर आणि फ्री व्हीपीएन टाका. तरी नाही जमलं तर क्रोम काढून परत टाका.’ ई-सेवा केंद्र चालवणारे, होमस्टेवाले, हापूसच्या पेट्यांच्या ऑर्डरी ऑनलाइन घेणारे बागायतदार, सगळे हे करून बघतात. यातला एकेक सल्ला कुठल्या तरी एका बिघाडाला लागू पडतोही, म्हणून मेसेजवर विश्वास बसतो. पण पेज उघडणं हे एक काम नसून एकामागोमाग होणारी पाच-सहा कामं असतात. त्यातलं कुठलं अडलंय हे न बघता केलेला उपाय बहुतेक वेळा फुकट जातो, आणि या मेसेजमधले काही उपाय तर उलट नुकसान करतात.

‘कचरा साचलाय, रोज साफ करा’

कॅशे म्हणजे कचरा नव्हे. एखाद्या साइटची चित्रं, फॉन्ट, स्क्रिप्ट एकदा डाउनलोड झाल्या की ब्राउझर त्या डिस्कवर ठेवून देतो, म्हणजे पुढच्या वेळी त्या नेटवरून आणाव्या लागत नाहीत. जागा भरत आली की जुन्या फायली तो स्वतःच काढून टाकतो. रोज रात्री कॅशे पुसला तर रोज सकाळी तेच सगळं पुन्हा उतरवावं लागतं. रेंजच्या एका दांडीवर चालणाऱ्या वाडीत हा सल्ला किती महाग पडतो ते आकड्यांत बघा. मोबाइलच्या बऱ्याच पॅकमध्ये दिवसाचा दीड-दोन जीबी डेटा संपला की स्पीड ६४ केबीपीएसवर येतो. २ एमबीचं पेज म्हणजे १६,००० किलोबिट. भागिले ६४ केलं तर २५० सेकंद, चार मिनिटांहून जास्त. त्यातला निम्मा माल कॅशेत असता तर वेळही निम्मा लागला असता. संध्याकाळी ‘ब्राउझर अडकला’ म्हणून तक्रार असेल तर आधी दिवसाचा डेटा उरलाय का ते बघा.

हिस्ट्रीचा आणि पेज उघडण्याच्या वेगाचा काही संबंध नाही. कुकीज पुसल्या की प्रत्येक साइटवर पुन्हा लॉगिन आणि पुन्हा ओटीपी. सगळ्यात वाईट म्हणजे ‘सगळ्या चौकटींवर टिक करा’ असं सांगणारे. क्रोमच्या बऱ्याच आवृत्त्यांत त्या यादीत सेव्ह केलेले पासवर्डही असतात, आणि सिंक चालू असेल तर ते खात्यातून, म्हणजे फोनवरूनही जातात.

एकच साइट वेडीवाकडी दिसते किंवा लॉगिन करून परत लॉगिनवरच येते, तेव्हा पुसायचं ते फक्त त्या साइटचं. पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून साइट डेटा काढा. कॉम्प्युटरवर कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकत्र दाबलं तर तेवढं एक पेज कॅशे बाजूला ठेवून नव्याने येतं.

‘दोष नेटचा नाही’

हे न बघताच कसं ठरवलं? कॉम्प्युटरवर पेज लटकलं की खिडकीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक ओळ दिसते. ती वाचायची सवय लावली तर अर्धं निदान तिथेच होतं.

‘रिझॉल्व्हिंग होस्ट’वर थांबलं तर साइटच्या नावाचा आकडी पत्ता मिळत नाहीये, म्हणजे डीएनएस. ‘कनेक्टिंग’वर थांबलं तर पत्ता मिळालाय, पण तिथवरची वाट बंद किंवा खराब आहे. ‘एस्टॅब्लिशिंग सिक्युअर कनेक्शन’वर थांबलं तर घड्याळ, अँटिव्हायरस किंवा एमटीयू (डेटाच्या एका तुकड्याचा कमाल आकार). घड्याळ आणि एमटीयूबद्दल पुढे येतंच. ‘वेटिंग फॉर’ आणि पुढे साइटचं नाव असेल तर तुमची विनंती बहुधा पोचली आहे, उत्तर समोरच्या सर्व्हरकडून यायचंय. ‘वेटिंग फॉर अव्हेलेबल सॉकेट’ म्हणजे त्याच साइटच्या बऱ्याच टॅब किंवा डाउनलोड चालू आहेत. जुन्या पद्धतीच्या सर्व्हरशी क्रोम एका वेळी ६ च जोडण्या करतो, सातवी रांगेत उभी राहते. ‘प्रॉक्सी’ (वाटेतला मध्यस्थ सर्व्हर) हा शब्द दिसला तर विंडोजच्या प्रॉक्सी सेटिंगमधलं ‘ऑटोमॅटिकली डिटेक्ट’ बंद करून बघा. आणि ‘वेटिंग फॉर कॅशे’ दिसलं तर मात्र मेसेजवाल्यांचं बरोबर आहे, तिथे कॅशे पुसावा. वारंवार दिसलं तर हार्ड डिस्क तपासून घ्या, ती दमलेली असण्याची शक्यता जास्त.

यानंतर कमांड प्रॉम्प्ट (विंडोजची आदेश टाइप करायची खिडकी) उघडून तीन पिंग. पिंग म्हणजे समोरच्या यंत्राला छोटा निरोप पाठवून उत्तर येतं का आणि किती वेळात, ते बघणं. पहिला राउटरला (बऱ्याच घरी १९२.१६८.१.१ असतो), दुसरा ८.८.८.८ ला, तिसरा एखाद्या साइटच्या नावाला. राउटरपर्यंतच पिंग गळत असतील किंवा शंभर-दोनशे मिलिसेकंद लागत असतील तर दोष घरातल्या वाय-फायचा. राउटरपर्यंत २-५ मिलिसेकंद आणि पुढे गळती असेल तर लाइनचा. आकडा चालतो पण नाव चालत नाही, तर डीएनएसचा.

घरातल्या वाय-फायबद्दल कोकणात वेगळं सांगायला हवं. जांभ्या चिऱ्याची भिंत जाड असते, दगड सच्छिद्र असतो आणि पावसात पाणी धरतो. पाणी रेडिओ लहरी शोषतं. ओटीवर ठेवलेल्या राउटरचा ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल माजघर ओलांडून मागच्या पडवीत पोचेपर्यंत संपतो. फोनवर वाय-फायच्या एक-दोन दांड्या दिसतात, पण पॅकेटं, म्हणजे डेटाचे तुकडे, गळतात आणि पेज मध्येच अडतं. लांबवर २.४ गिगाहर्ट्झचं नाव निवडा. कायमचा उपाय हवा तर मागच्या खोलीपर्यंत कॅट ६ केबल ओढून तिथे दुसरा ॲक्सेस पॉइंट लावा. वायरविना चालणारा स्वस्त रिपीटर ऐकतो आणि बोलतो एकाच चॅनेलवर, त्यामुळे वेग साधारण अर्धा होतो.

फायबर असेल तर कंपनीने दिलेल्या डब्यावरचे (मोडेमवरचे) दिवे बघा. ‘पॉन’ हिरवा स्थिर हवा. ‘लॉस’ लाल लुकलुकत असेल तर प्रकाशच येत नाहीये, ब्राउझरला हात लावू नका. फसवा प्रकार असतो तो मधला. खांबांवरून आलेल्या केबलवर झावळ पडते, केबल तुटत नाही पण दबते किंवा वाकते, प्रकाश येतो पण क्षीण. डब्याच्या सेटिंग पेजवर ‘आरएक्स पॉवर’ (येणाऱ्या प्रकाशाची ताकद) असा आकडा असतो. नेहमीच्या जीपॉन (फायबरच्या) डब्यांना तो -८ ते -२७ डीबीएमच्या मध्ये लागतो. -२६ वगैरे दिसला तर काठावर आहात, पाऊस पडला की चुका वाढणार. डब्यामागची बारीक पिवळी किंवा पांढरी वायर खिळ्याला काटकोनात दुमडलेली नाही ना, तेही बघा. हिरव्या टोकाच्या कनेक्टरला बोट लावू नका आणि त्यात डोकावू नका.

‘डीएनएस बदला, स्पीड दुप्पट’

डीएनएस फक्त नावावरून पत्ता सांगतो. पेजचा माल त्यातून येत नाही, त्यामुळे डाउनलोडचा वेग त्याने वाढत नाही. एकदा मिळालेला पत्ताही काही काळ लक्षात ठेवला जातो. तिसरा पिंग नापास झाला तरच डीएनएस बदलण्यात अर्थ आहे. तेव्हा ८.८.८.८ किंवा १.१.१.१ जरूर टाका, आणि विंडोजवर नंतर ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’ चालवा.

फोनवर मेसेजमधला आकडा सगळीकडे चालत नाही. अँड्रॉइड ९ पासून आलेल्या ‘प्रायव्हेट डीएनएस’च्या रकान्यात आकडा नव्हे, नाव लागतं (गूगलचं ‘डीएनएस डॉट गूगल’). ते टाकून ठेवलं आणि एखाद्या हॉटेलच्या वाय-फायने ती सेवा अडवली, तर तिथे एकही पेज उघडणार नाही आणि लॉगिनचं पानही येणार नाही. काम झालं की ‘ऑटोमॅटिक’वर परत आणा.

मेसेजमध्ये ज्याचा उल्लेखच नाही असे दोन बिघाड

काही साइट झटकन उघडतात आणि काही ‘सिक्युअर कनेक्शन’वरच थिजतात, तेही रोज त्याच. हे बहुतेकदा एमटीयूचं दुखणं. इथरनेटचं पॅकेट १५०० बाइटचं. युजरनेम-पासवर्ड टाकून जोडणाऱ्या पीपीपीओई लाइनवर त्यातले ८ बाइट खर्च होतात, उरतात १४९२. कंपनीचा डबा ब्रिज मोडमध्ये (तो नुसती लाइन पुढे देतो) टाकून पुढे स्वतःचा राउटर लावला आणि त्यात १५०० च राहिले, की छोटी पॅकेटं जातात आणि मोठी वाटेत कुठेतरी गायब होतात. सर्व्हरची ओळख पटवणारं प्रमाणपत्र मोठ्या पॅकेटांतून येतं, म्हणून गाडी नेमकी तिथेच अडते. तपासणी अशी: पिंगच्या आदेशात ‘-एफ -एल १४६४’ (इंग्रजी अक्षरांत) आणि पुढे ८.८.८.८. यात २८ बाइटचं शीर्षक धरलं की बरोबर १४९२ होतात. उत्तर आलं तर ठीक. नाही आलं तर आकडा दहा-दहाने कमी करत जा, उत्तर येईल त्या आकड्यात २८ मिळवा आणि बेरीज राउटरच्या वॅन (बाहेरच्या लाइनच्या) पानावर एमटीयू म्हणून भरा. कॅशे शंभरदा पुसला तरी हा बिघाड जात नाही.

दुसरा बिघाड घड्याळाचा. लाइट दिवसातून चारदा जाते तिथे जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला असला, तर प्रत्येक वेळी तारीख मागे जाते. ब्राउझरच्या हिशोबाने साइटचं प्रमाणपत्र मग ‘अजून सुरूच झालेलं नाही’. मुख्य साइटला निदान लाल इशारा तरी येतो. पण पेजमधली चित्रं आणि स्क्रिप्ट दुसऱ्या सर्व्हरवरून येत असतील तर त्या गुपचूप नाकारल्या जातात आणि पेज अर्धवट दिसतं. खालच्या कोपऱ्यातली तारीख, त्यातलं वर्षही, आधी बघा. सेल ३ व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानात मिळतो. मशीन बंद करून, प्लग काढून बदलायचा आणि मग बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) तारीख भरायची.

‘इन्कॉग्निटोमध्येच काम करा’

इन्कॉग्निटो वेगवान नसतो. प्रत्येक वेळी तो रिकाम्या कॅशेने सुरू होतो, म्हणजे पुन्हा सगळं डाउनलोड. पण त्यात एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेली छोटी ॲप) आपोआप बंद असतात, म्हणून चाचणीला तो उत्तम. अडणारं पेज तिथे नीट चाललं तर नेहमीच्या खिडकीत येऊन निम्मी एक्स्टेन्शन बंद करा. अडणं थांबलं तर दोषी त्या निम्म्यांत. असं तीन-चार फेऱ्यांत सापडतं. शिफ्ट आणि एस्केप दाबलं की क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर कुठला टॅब किती मेमरी खातोय ते तिथे सरळ दिसतं.

‘क्लीनर आणि फ्री व्हीपीएन’

दोन्ही टाकू नका. क्लीनर मागची ॲप बंद करतो, ती पुन्हा सुरू होतात आणि त्यात बॅटरी जाते. व्हीपीएनमुळे तुमचा प्रत्येक बाइट आधी दुसऱ्याच देशातल्या सर्व्हरला वळसा घालून येऊ शकतो. व्हीपीएनच्या नावाखाली मिळणारी बरीच एक्स्टेन्शन ‘सर्व साइटवरचा डेटा वाचणे आणि बदलणे’ ही परवानगी मागतात. ज्या कॉम्प्युटरवरून गावाचे आधार, बँक आणि सातबारा निघतात तिथे अशी परवानगी देणं धोक्याचं आहे.

‘काढून परत टाका’

क्रोम काढला तरी, ‘ब्राउझिंग डेटाही काढा’वर टिक केली नाही तर, प्रोफाइलचं फोल्डर तसंच राहतं आणि बिघाड त्याच्याबरोबर परत येतो. त्यापेक्षा नवं प्रोफाइल करून बघा, एक मिनिटाचं काम. मशीन विंडोज ७ किंवा ८.१ चं असेल तर मात्र कितीही वेळा टाका, क्रोम १०९ च्या पुढे जाणार नाही. २०२३ च्या सुरुवातीला आलेली ती त्या विंडोजसाठीची शेवटची आवृत्ती. नव्या साइटच्या स्क्रिप्ट तिला कळत नाहीत आणि पांढरं पान दिसतं.

सर्व्हरच दबलेला असतो तेव्हा

दहावीच्या निकालाची लिंक दुपारी खुली होते तेव्हा राज्यभरातली मुलं त्याच पानावर असतात. गणपतीच्या गाड्यांचं आरक्षण सकाळी ८ वाजता उघडतं तेव्हाही तेच. एफ१२ दाबून नेटवर्क टॅब उघडा, पेज लोड करा, पहिल्या ओळीवर क्लिक करून ‘टायमिंग’ बघा. डीएनएस २० मिलिसेकंद, जोडणी ६०, आणि ‘वेटिंग फॉर सर्व्हर रिस्पॉन्स’ २५ सेकंद असं दिसलं तर तुमच्या बाजूने करण्यासारखं काही नाही. रिफ्रेश केलं की चालू विनंती सुटते आणि नवी मागे जाऊन उभी राहते. पैसे भरण्याच्या पानावर तर रिफ्रेश करूच नका, आधी बँकेचा एसएमएस आणि व्यवहारांची यादी बघा.

लाइनचाच दोष निघाला तर कंपनीला ‘नेट स्लो आहे’ एवढंच सांगू नका. राउटरपर्यंतचा पिंग, ८.८.८.८ पर्यंतचा पिंग आणि शंभरात किती गळले (आदेशात ‘-एन १००’ लावा म्हणजे आकडा मिळतो), आरएक्स पॉवर, लॉसचा दिवा आणि वेळ लिहून द्या. लॅपटॉप केबलने जोडून हे आकडे घेतले असतील तर तेही सांगा, म्हणजे ‘तुमच्या वाय-फायचा दोष’ म्हणून तक्रार बंद करता येत नाही.