पोर्टचा रंग नको, जागा बघा
ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारी पेटी) निळ्या, जास्त वेगाच्या यूएसबी ३.० पोर्टलाच लावा, हे घरगुती रेकॉर्डिंगवरच्या लेखातलं म्हणणं मला पटलं नाही. घरगुती दोन इनपुटचे बहुतेक इंटरफेस यूएसबी २.० चेच असतात. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट दर्जाच्या रेकॉर्डिंगला दोन चॅनेल म्हणजे सेकंदाला जेमतेम २.३ मेगाबिट, आणि २.० ची क्षमता ४८०! कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या खोलीत पोवाडा रेकॉर्ड करताना डफाच्या थापेमागं बारीक टक्-टक् यायची. इंटरफेस, वायफाय डोंगल, हार्डडिस्क, सगळं एकाच हबवर (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा जोड). इंटरफेस तेवढा काढून पीसीच्या मागच्या बाजूला, थेट मदरबोर्डच्या पोर्टला लावला, टक्-टक् गेली. कंडेन्सर माइकसाठी ४८ व्होल्टचा फँटम (इंटरफेसनं केबलमधून माइकला दिलेली वीज) लागत असेल तर स्वतःचा वीज अडॅप्टर नसलेला हब टाळाच, वीज कमी पडू शकते.